गोडसे भटजींच्या वाटेनें

आमच्या घरच्या देव्हाऱ्यांत तांब्याचा एक लहानसा गडू असे. त्याचें तोंड झाळून बंद केलेलें होतें. आमचे खापरपणजोबा काशीस पायीं जाऊन आले, त्या वेळीं त्यांनीं आणलेली गंगा त्यांत आहे, असें आजी सांगत असे. लहानपणीं आम्ही तो गडू कानाशीं धरून हालवीत असूं आणि आंतलें पाणी वाजलें म्हणजे आम्हांस मोठें नवल वाटे. वडिलांच्या अखेरच्या रात्रीं तो गडू प्रथम उघडला गेला. चार थेंब त्यांच्या मुखांत घातले आणि मग गडू पुन्हां जागेवर ठेवतांना आमच्या मनांत असा विचार आला कीं, एवढ्याशा पाण्याकरितां एक मनुष्य शेंकडों कोस चालत गेला आणि तितकेच कोस चालत परत आला. आणि आम्हीं आयुष्यभर इतिहास शिकविला, परंतु तो कसा गेला असेल हें एकदांही विचारलें नाहीं.

आमच्या पिढीस प्रवास म्हटला कीं रेल्वे आठवते. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, १८६३ सालीं बोरघाट आणि १८६५ सालीं थळघाट आगगाडीनें चढून जातां येऊं लागला, आणि मग हिंदुस्थान एक झाला, हा धडा आम्हीं स्वतः पाठ केला आणि पुढें विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला. धडा खोटा नाहीं. परंतु त्यांतून असा एक समज नकळत मागें राहतो कीं, रुळ पडण्यापूर्वीं या देशांत माणसें आपापल्या गांवीं खिळून बसलेलीं होतीं. हा समज किती पोकळ आहे, हें ज्या एका मराठी पुस्तकानें दाखविलें आहे, त्याच पुस्तकाविषयीं आमच्या हातून पुष्कळ वर्षें अन्याय झाला. त्याची कबुली देण्याकरितां हा लेख आहे.

तें पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज; आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी वार्ता लागलेली. तेथें दक्षिणा मिळेल, ऋण फिटेल, या आशेनें ते १८५७ सालीं आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेस निघाले. पुढें जें झालें तें सर्वांस ठाऊक आहे. यज्ञाऐवजीं त्यांनीं बंड पाहिलें. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्यें सर ह्यू रोजनें झांशीस वेढा घालून शहर घेतलें, तेव्हां ते त्या शहरांतच होते. मिळालेली दक्षिणा लुटली गेली. घरीं परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून भटजींनीं ही हकीकत पुढें लिहून काढली. वैद्यांनीं ती आपला हात फिरवून १९०७ सालीं छापली आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली.

आमचा अन्याय असा. पंचवीसांहून अधिक वर्षें आम्ही वर्गांत सांगत आलों कीं, भटजींची हकीकत मोठी रसाळ आहे, पण पुरावा म्हणून तिची किंमत बेताची आहे. कारण तींत ऐकीव गोष्टींचा भरणा फार. कोणी शिपाई भेटला, त्यानें अमुक सांगितलें. बाजारांत बोलवा उठली, म्हणून आम्ही गांव सोडला. अशा वाक्यांवर इतिहास कसा उभारावा? हें मत आम्ही ठासून सांगत असूं, आणि विद्यार्थी तें उत्तरपत्रिकेंत तितक्याच ठासून लिहीत. गेल्या वर्षीं एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, “सर, ती वाट आपण कधीं पाहिली आहे काय?” वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, पण घरीं आल्यावर हंसूं राहिलें नाहीं.

म्हणून थंडीच्या दिवसांत आम्ही उभयतां आमची जुनी मोटार घेऊन पुण्याहून झांशीकडे निघालों. नाशिक, धुळें, सातपुड्याचा घाट, खलघाटास नर्मदा, महू, इंदूर, गुणा, शिवपुरी आणि झांशी, असा बेत होता. भटजी पाऊलन्पाऊल याच वाटेनें गेले असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सातपुडा, नर्मदा आणि महू हे टप्पे तेच. नियम एकच केला कीं, दिवसांत शंभर किलोमीटरांहून पुढें जावयाचें नाहीं. जुना कोस साधारण दोन मैलांचा. पायीं चालणारा धडधाकट मनुष्य दिवसास आठ-दहा कोस, म्हणजे पंचवीस ते बत्तीस किलोमीटर, जाई. आजच्या रस्त्यावर मोटारीस तेवढ्याला अर्धा तास पुरतो. तेव्हां आमचें हळू चालणें हेंही भटजींच्या मानानें धांवणेंच होतें. पण जेथें एका दिवसांत पोंचतां येतें तेथें बारा दिवस लावणें, एवढें धैर्य आमच्या काळास पुष्कळ झालें.

बिजासनचा घाट चढतांना आमच्या गाडीचें चाक बसलें आणि जोडीचें चाकही निकामी निघालें. रस्त्याच्या कडेच्या ढाब्यावर खाटेवर तीन तास बसावें लागलें. तेथें इंदुराकडून उतरणारे ट्रकवाले चहास थांबत. पहिल्यानें सांगितलें, पुढचा पूल पडला. दुसरा म्हणाला, पडला नाहीं, एका बाजूनें बंद आहे. तिसऱ्यानें पुलाचें नांवही काढलें नाहीं, पण अलीकडच्या गांवीं मुक्काम करा, असें बजावलें. चाक दुरुस्त झाल्यावर आम्ही त्या तिसऱ्याचें ऐकलें. दुसरे दिवशीं पाहतों तों पूल शाबूत. एका बाजूस डागडुजी चालू आणि वाहनांची मैलभर रांग. आमच्या कुटुंबानें शांतपणें विचारलें, “मग तिघांपैकीं खोटें कोण बोललें?”

या प्रश्नानें आमचें पंचवीस वर्षांचें मत मुळापासून हाललें. खोटें कोणीच बोललें नव्हतें. पुलापाशीं कांहीं घडलें होतें ही बातमी खरी होती. तिचा आकार मात्र प्रत्येकाच्या तोंडीं बदलला होता. आणि मुख्य गोष्ट ही कीं, आम्हांस त्या ऐकीव बातमीवर विसंबून निर्णय घ्यावाच लागला. वाटेवरच्या माणसाजवळ दुसरें साधन नसतें. घरीं बसून पारखावयास वेळ असणाऱ्यास अफवा हा कचरा. वाटेवर असणाऱ्यास तीच वर्तमानपत्र, तोच नकाशा आणि पुष्कळदां जीव वांचविण्याचा उपायही तोच.

आतां १८५७ सालाकडे पाहा. त्या वर्षाच्या आरंभीं उत्तरेकडे गांवोगांव चपात्या फिरल्या. त्या कोणीं धाडल्या आणि कशाकरितां, याचा सरकारासही थांग लागला नाहीं. काडतुसांच्या चरबीची बोलवा छावणीमागून छावणीस पोंचली. महूची छावणी १ जुलै १८५७ रोजीं उठली. भटजींस बंडाची कुणकुण लागली ती सातपुड्याच्या वाटेवरच, आणि तीही शिपायांच्या तोंडून. या सर्वांतून ऐकीव तेवढें काढून टाकलें तर सत्तावन्न सालांत शिल्लक काय उरतें? रणजित गुहा यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अफवा हें बंडखोर शेतकऱ्यांच्या दळणवळणाचें साधन म्हणून तपासलें आहे. तो ग्रंथ आम्हीं वाचला होता, त्यावर टांचणेंही काढलीं होतीं. पण ढाब्याच्या खाटेवर बसेपर्यंत तो आम्हांस समजला नव्हता.

दुसरा धडा नर्मदेवर मिळाला. खलघाटाहून थोडी वांकडी वाट करून आम्ही महेश्वरीं दोन दिवस राहिलों. अहिल्याबाईंनीं १७६७ ते १७९५ पर्यंत येथूनच राज्य केलें. त्यांचीं देवळें सर्वांस माहीत आहेत. पण देवळांइतक्याच महत्त्वाच्या त्यांच्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा. शिंदे ग्वाल्हेरीस, होळकर इंदुरास, नेवाळकर झांशीस आणि गोविंदपंतांचें घराणें सागरास, अशी मराठी ठाणीं अठराव्या शतकांत उत्तरेच्या वाटांवर बसलीं. त्यांच्यामागून कारकून, सावकार, पुराणिक आणि आचारी गेले. म्हणूनच वरसईच्या भिक्षुकास मुक्कामांमागून मुक्कामीं आपली भाषा बोलणारें दार सांपडलें. रुळांच्या आधींच ही माणसांची सांखळी होती. पुढें १८७० नंतरच्या दशकांत तुकोजीराव होळकरांनीं दिलेल्या एक कोट रुपयांच्या कर्जांतून खंडव्याकडून इंदुरास रेल्वे आली. सोय मोठी झाली, हें कोण नाकारील? परंतु जीं गांवें पूर्वीं मुक्काम होतीं, त्यांपैकीं कित्येक आतां खिडकींतून दिसणारीं नुसतीं नांवें झालीं. ज्यांच्या बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ देशभर फिरे, ज्यांचे दहा-बारा हजार बैल एकत्र पाहून सतराव्या शतकांत तावेर्निये हा फ्रेंच व्यापारी थक्क झाला, त्या वणजाऱ्यांचा धंदा या नव्या वाटांनीं बसला. वाट सुधारली कीं सर्वांचेंच भलें होतें, असें नाहीं.

येथवर लिहिल्यावर जुन्या वाटांचें गुणगान करून लेख संपविण्याचा मोह होतो. पण महूस आम्हांस दुसरी एक गोष्ट आठवली, आणि ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. याच छावणींत १४ एप्रिल १८९१ रोजीं भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांनीं आपल्या आठवणींत लहानपणच्या एका प्रवासाची हकीकत लिहिली आहे. १९०१ च्या सुमारास तीं मुलें मसूर स्टेशनावर उतरून वडिलांच्या नोकरीच्या गांवीं निघालीं. जात कळतांच गाडीवाला त्यांना नेईना. दुप्पट भाडें देऊन आणि गाडी स्वतः हांकण्याचें कबूल करून तीं निघालीं, आणि रात्रभर जवळ अन्न असतां पाण्यावांचून राहिलीं. भटजींस अनोळखी मुलुखांत शेंकडों कोस जें पाणी मिळालें, तें या मुलांस आपल्याच मुलुखांत एका रात्रीपुरतेंही मिळालें नाहीं. वाट एकच, पण ती कोणाच्या पायांखालीं आहे यावर तिची लांबी ठरते. भटजींच्या प्रवासाचें कौतुक करणाऱ्यानें हा हिशेब डोळ्यांआड करूं नये, आणि आमच्या खापरपणजोबांच्या गडूलाही तो लागू आहे.

भटजींच्या पुस्तकांत विहिरीचा एक प्रसंग आहे. झांशी पडल्यानंतर, काल्पीच्या वाटेवर, धुळीनें माखलेली पठाणी पोषाखांतली राणी लक्ष्मीबाई एका विहिरीपाशीं त्यांस भेटली. तिला तहान लागली होती. भटजी पाणी काढूं लागले, तेव्हां विद्वान् ब्राह्मणानें आपल्यासाठीं पाणी काढूं नये म्हणून तिनें स्वतःच मडकें आडांत सोडलें आणि ओंजळीनें पाणी प्याली. थोड्याच दिवसांनीं, १८५८ च्या जूनमध्यें, ग्वाल्हेरीजवळ ती पडली. हा प्रसंग आम्हीं वर्गांत अनेकदां वाचून दाखविला आहे, आणि दर वेळीं तो कादंबरीसारखा आहे असेंही म्हटलें आहे. बाराव्या दिवशीं झांशीचा किल्ला समोर दिसूं लागला, तेव्हां रस्त्याच्या कडेच्या एका जुन्या विहिरीजवळ आम्ही थांबलों. ती विहीर ती नव्हे, हें आम्हांस ठाऊक होतें. पण राज्य गेलेली राणी आणि दक्षिणा गेलेला भिक्षुक एकाच आडावर येतात, हें केवळ वाटेवरच घडूं शकतें, हें त्या वेळीं पटलें. दरबारांत त्यांच्यामध्यें शंभर माणसें उभीं असतीं. वाटेवर मध्यें फक्त एक मडकें होतें.

परत आल्यावर कुटुंबानें आग्रहानें मावंदें घातलें. काशीस न जातां मावंदें कसलें, असें आम्हीं म्हटलें. पण पूर्वीं काशीस निघालेला मनुष्य घरचा निरोप कायमचा घेऊन निघे आणि परतला म्हणजे त्याच्या जिवंत येण्याचें तें जेवण असे, याची आठवण तिनें करून दिली. पंगतीस त्या विद्यार्थिनीसही बोलाविलें होतें. जेवणें झाल्यावर आम्हीं जुन्या टिपणांची वही काढून ‘पुरावा म्हणून किंमत बेताची’ ही ओळ तिच्यादेखत खोडली.

वाचकांस आमची एक विनंति आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असा एखादा गडू, एखादी कावड, निदान यात्रेची एखादी सांगीव गोष्ट असेल. नाशिक, त्र्यंबक, काशी, प्रयाग येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांचीं नांवें त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत असण्याचा संभव आहे. त्या वह्या जीर्ण होत आहेत आणि त्या गोष्टी सांगणारीं माणसें थकत आहेत. ऐकीव म्हणून त्या टाकूं नयेत. विचाराव्या आणि लिहून ठेवाव्या. आमच्या खापरपणजोबांची वाट कोणती होती हें आम्हांस कोणी सांगूं शकत नाहीं. आम्हीं विचारलें तोंवर सांगणारें कोणी उरलें नव्हतें. गडू अजून देव्हाऱ्यांत आहे. आतां हालविला तरी वाजत नाहीं.