सेलचं झाकण

आमच्या घरात पहिला रेडिओ आला १९७० साली. आबांनी भुईमूग बार्शीच्या अडतीवर घातला, पट्टी हातात पडली आणि परत येताना खांद्याला रेडिओ अडकवूनच आले. आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी. त्या काळी रेडिओला परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकावर शिक्का मारून आणावा लागे.

त्या रेडिओच्या पाठीला एक झाकण होतं. अंगठ्यानं दाबून सरकवलं की निघायचं. आत चार मोठे सेल. एकेक दीड व्होल्टचा, चार मिळून सहा. स्प्रिंगकडं सेलचा बूड आणि पलीकडं टोपी, एवढंच शास्त्र. ते मला तिसरीतच येत होतं. सेल बदलायला कुणा मिस्त्रीला विचारावं लागतं, असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

सेल उतरले की बातम्या देणाऱ्याचा आवाज घोगरा व्हायचा. मग आई सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायची. संध्याकाळपुरता त्यांच्यात जीव यायचा. अगदीच मेले की आम्ही पोरं ते फोडायचो. मधल्या कोळशाच्या कांडीनं भिंतीवर रेघोट्या, आणि काळा मसाला पाल्याच्या रसात कालवून शाळेच्या फळ्याला.

१९७२ च्या दुष्काळात आबा आणि आई पाझर तलावाच्या कामावर जायची. घरात तांबडी मिलो, कामावर सुकडी. नवे चार सेल घ्यायचे म्हणजे खडी फोडलेल्या पैशातनं काढायचे. तेवढं धाडस आबांना झालं नाही. रेडिओ कितीतरी महिने फळीवर मुका बसला. पण तो बिघडला होता असं आम्ही कधी म्हटलं नाही. सेल नव्हते, एवढंच. पुढच्या साली पाऊस झाला, पहिली रास निघाली, आबांनी सेल आणले आणि झाकण लावल्याबरोबर रेडिओ बोलायला लागला.

पुढं १९८६ ला टेपरेकॉर्डर आला. त्याला सहा सेल, झाकण तसंच. आबा गावच्या भजनात वीणा घ्यायचे. एका एकादशीला देवळात मी त्यांचा आवाज कॅसेटीत धरला. १९९४ ला आबा गेले. कॅसेटीला बुरशी धरायला लागली तेव्हा पुतण्यानं पुण्यात नेऊन ते भजन एका कार्डावर उतरवून घेतलं आणि आईसाठी हातभर अंतरावर ठेवायचा एक वाजता डबा आणला. ते साल २०१८.

त्या डब्याला झाकणच नव्हतं.

सहा वर्षं तो रोज वाजला. दिवे लागणीला हरिपाठ, निजताना आबा. मग हळूहळू दम कमी पडला. रात्रभर चार्जिंग करूनही दहा मिनिटांत गप्प व्हायचा. वायर लावून ठेवली की मात्र खणखणीत वाजायचा. म्हणजे यंत्र धड होतं, आतला सेल थकला होता. दुकानदार म्हणाला, "काका, हे उघडत नसतंय. नवीन घ्या." मुलगा फोनवर तेच म्हणाला. पण आईचं वय शहाऐंशी, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्या डब्याची बटणं तिच्या बोटांना पाठ झालेली. नव्या डब्यात आबा असले, तरी तिला ते सापडले नसते. आणि वायर लावून ठेवावी, तर आमच्याकडची लाइट रात्री कधी जाईल याचा नेम नाही.

शेवटी मीच बसलो. स्क्रू चार होते, पण पायाच्या रबरी टोप्यांखाली दडवलेले. टोप्या नखानं उचकटल्या, स्क्रू ताटलीत ठेवले. आत एकच सेल, अंगठ्यापेक्षा थोडा लांब. त्यावर आकडा १८६५०. म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य गोल आकाराचं. व्होल्ट ३.७. हा लिथियमचा सेल. आपला बॅटरीचा दीड व्होल्टचा सेल इथं चालत नाही. जपानच्या सोनी कंपनीनं १९९१ साली असे सेल बाजारात आणले. ज्यांच्या शोधावर तो उभा आहे त्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

बार्शीत तसाच सेल मिळाला. मी साधा मागत होतो, म्हटलं घरी कावीयानं वायरी डागतो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "तसं करू नका. थेट सेलला डाग दिला की तापून खराब होतो, पेटूबी शकतो. पट्ट्या बसवलेलाच न्या." त्याचं ऐकलं. घरी येऊन जुन्या सेलची एक वायर कापली, तिला चिकटपट्टी गुंडाळली, मगच दुसरी कापली. दोन्ही एकदम कात्रीत सापडल्या तर ठिणगी उडते. तांबडी वायर अधिकला, काळी वजाला. पट्ट्यांवर डाग दिला, वरनं पट्टी गुंडाळली. सगळं मिळून अर्धा तास. जुना सेल उकिरड्यावर टाकला नाही, फोडला तर मुळीच नाही. तो कोळशाच्या कांडीचा सेल नव्हे. पुढच्या खेपेला दुकानात परत दिला.

परवा पेपरात वाचलं, की युरोपात २०२७ पासून अशा वस्तूंचा सेल गिऱ्हाइकाला स्वतः काढता येईल असाच ठेवावा लागणार आहे. तसा कायदाच झालाय. वाचून हसू आलं. आमच्या १९७० च्या रेडिओला ते होतं की! सेल सुधारला, पण झाकण मात्र कुणीतरी काढून घेतलं, आणि थकलेल्या सेलापायी धडधाकट यंत्र फेकायची सवय आपल्याला लागली.

त्या रात्री आईच्या उशाशी डबा ठेवला. तिनं चाचपून तिसरं बटण दाबलं. आबांची वीणा लागली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आई म्हणाली, "सेल घातले व्हय रं?"

म्हटलं, "व्हय. घातले."