एका पेनीची बातमी

कॉफीचा इतिहास सांगायला बसलेला मनुष्य सहसा यमनच्या डोंगरात जातो, तिथल्या सूफी फकिरांची रात्रीची जागरणे सांगतो आणि बाबा बुदनने मक्केहून कमरेला बांधून आणलेल्या सात बियांपाशी येऊन थांबतो. ती कथा गोड आहे. खरी किती, हा प्रश्न वेगळा. आम्ही आज त्या वाटेने जात नाही. आम्हांला सांगायचे आहे ते सतराव्या-अठराव्या शतकांतील लंडनविषयी. कॉफी पिणे आणि बातमी ऐकणे या दोन गोष्टी तिथे एकमेकींना जशा चिकटल्या, तशा फार थोड्या ठिकाणी चिकटल्या असतील. पुढे त्यांची ताटातूट झाली. ती कोणी केली, हे पाहण्यासारखे आहे. कारण ज्याच्यावर संशय घ्यावा तो राजा यात नापास झाला होता.

१६५२ साली लंडनच्या कॉर्नहिल भागात, सेंट मायकेलच्या बोळात, पास्क्वा रोझे नावाच्या माणसाने कॉफी विकायला सुरुवात केली. डॅनिएल एडवर्ड्स नावाच्या व्यापाऱ्याने त्याला स्मर्नाहून नोकर म्हणून बरोबर आणले होते. रोझेने आपल्या मालाचे एक जाहिरातपत्रक काढले. त्यावर विश्वास ठेवायचा तर डोकेदुखीपासून संधिवातापर्यंत कॉफीपुढे टिकणारा रोगच नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मत मात्र निराळे होते. १६५७ साली ‘रेनबो’ नावाच्या दुसऱ्या एका कॉफीगृहाच्या मालकावर, कॉफी भाजण्याच्या दुर्गंधीने शेजाऱ्यांना उपद्रव होतो अशी रीतसर फिर्याद झाली!

ही कॉफी चवीला कशी असेल? सरकारने १६६० साली तयार कॉफीवर गॅलनमागे चार पेन्स कर बसवला. कर द्रवावर असल्यामुळे तो मापता आला पाहिजे; म्हणून कॉफी आधीच मोठ्या प्रमाणावर उकळून पिंपांत भरून ठेवायची, अंमलदार येऊन मापून गेला की मग लागेल तशी पुन्हा तापवायची, असा रिवाज पडला. १६८९ मध्ये कर दाण्यांवर गेला तोवर लंडनकर हे शिळे, काळे पाणी पीत होते. जायफळ किंवा वेलदोड्याची, साय धरलेल्या दुधातली कॉफी पिणाऱ्या आमच्याकडच्या माणसाने त्याचा एक घोट घेऊन पेला खाली ठेवला असता.

मग लोक तिथे जात कशासाठी? एक पेनी टाकली की पेला मिळे, शेकोटीची ऊब मिळे, लांब मेजाजवळ जागा मिळे आणि शेजारी जो कोणी बसला असेल त्याच्याशी बोलण्याचा अधिकार मिळे. हा शेवटचा लाभ मोठा होता. सरदाराने आत यावे म्हणून कारागिराने उठून जागा द्यावी, असा तिथला दंडक नव्हता. ‘पेनी विद्यापीठे’ हे नाव या जागांना पडले ते उगीच नव्हे. आरमारी खात्यातला अधिकारी सॅम्युअल पीप्स याची १६६० ते १६६९ ची रोजनिशी उघडली की हा गृहस्थ कामावरून निघून कॉफीगृहात शिरलेला वारंवार दिसतो. २४ मे १६६५ ची त्याची नोंद पाहावी : डच आरमार बाहेर पडले आहे, शहरात मरी वाढते आहे आणि तिच्यावर कोण कोणता उपाय सांगतो, एवढा मजकूर त्याने एका बैठकीत गोळा केला. आपल्याकडे गावच्या पारावर जे काम होई तेच हे. फरक इतकाच की पारावर सगळे एकमेकांचे ओळखीचे असत, इथे अनोळखी माणसे एकत्र येत.

छापील बातमीचा त्या वेळी दुष्काळ होता हे ध्यानात घेतले पाहिजे. १६६२ च्या कायद्याने छापखान्यांना वेसण घातली होती. १६६५ पासून निघू लागलेले ‘लंडन गॅझेट’ हे सरकारी पत्र. त्यात परदेशच्या हकीगती पुष्कळ, घरच्या भानगडी जवळजवळ नाहीत. मराठी वाचकाला कुतूहल वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगून टाकतो. याच पत्राच्या १६७२ च्या फेब्रुवारीतील एका अंकात सुरतेच्या वृत्तांत शिवाजीमहाराजांचे नाव आले आहे. अर्थात् ‘बंडखोर’ या विशेषणासह. लंडनच्या कॉफीच्या मेजांवर गॅझेट पडलेले असे, तेव्हा सह्याद्रीतील या पुरुषाबद्दल तिथे दोन शब्द निघालेच असणार. घरच्या राजकारणाची वार्ता मात्र हस्तलिखित बातमीपत्रांतून आणि तोंडोतोंडी फिरे. आणि ती ऐकायची जागा म्हणजे कॉफीगृह.

राजा दुसरा चार्ल्स याला हे खुपू लागले. हा तोच राजा, ज्याला १६६१ च्या विवाहतहात मुंबई बेट आंदण मिळाले आणि ज्याने १६६८ मध्ये ते कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकले. १६७२ साली त्याने खोट्या बातम्या पसरवणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामा काढला. त्याने भागेना, तेव्हा २९ डिसेंबर १६७५ रोजी दुसरा काढला : १० जानेवारीपासून राज्यातील सर्व कॉफीगृहे बंद. कारण दिले ते असे, की तिथे आळशी लोक जमतात आणि राज्यकर्त्यांविरुद्ध द्वेषमूलक अफवा उठवतात. कॉफीवर त्याचा राग नव्हता. राग बोलण्यावर होता. मक्केत १५११ साली आणि इस्तंबूलला १६३३ मध्ये सत्ताधाऱ्यांनी कॉफीवर घातलेल्या बंदीतही हे भय होतेच.

पण लंडनचे दुकानदार गप्प बसले नाहीत. घरात भरून ठेवलेला माल, घेतलेले परवाने, सरकारला जाणारा कर असे सगळे त्यांनी राजापुढे मांडले. कायद्याने दिलेले परवाने राजाला नुसत्या हुकुमाने काढून घेता येतात काय, याबद्दल त्याच्या न्यायाधीशांतच एकमत होईना. ८ जानेवारीला, म्हणजे बंदी सुरू व्हायला दोन दिवस असताना, राजाने माघार घेतली. दुकानदारांनी निंदाव्यंजक कागद दुकानात येऊ देणार नाही अशी हमी द्यायची, एवढ्यावर भागले. ती हमी कितपत पाळली गेली हे सांगायला नकोच. आम्हांला या प्रकरणात लोकांच्या शौर्यापेक्षा करवसुलीचा हात अधिक दिसतो. तरीही दहा दिवसांत राजाला हुकूम गिळावा लागला हे खरे.

१६९५ मध्ये छापखान्यांवरचा तो कायदा संपला आणि वृत्तपत्रांचा पूर आला. एकेकाला ती विकत घेणे परवडत नसे. कॉफीगृहवाला घेई आणि पन्नास माणसे वाचत. १७०९ साली रिचर्ड स्टीलने ‘टॅटलर’ काढले तेव्हा त्याने मजकुराची वाटणीच कॉफीगृहांवरून केली : काव्य विल्सकडून, विद्या ग्रीशियनकडून, देशोदेशींची वार्ता सेंट जेम्सकडून. दर्यावर्दी आणि जहाजमालक एडवर्ड लॉइडकडे जमत. त्याने १६९६ मध्ये जहाजांच्या बातम्यांचे पत्र काढले; ते सरदारसभेच्या रोषामुळे वर्षाच्या आत बंद पडले. ‘जोनाथन्स’ मध्ये शेअरदलाल बसत. त्यांच्यापैकी जॉन कास्टेंग १६९८ पासून भावांचे पत्रक काढू लागला. १७२९ च्या सुमारास तर कॉफीगृहवाल्यांनी, वृत्तपत्रांचा खर्च डोईजड होतो, आता आमच्या गिऱ्हाइकांनीच बातम्या लिहून द्याव्या आणि पत्र आम्हीच काढू, असा बेत केला. तो फसला. वृत्तपत्रवाल्यांनी त्याची यथेच्छ टवाळी केली.

या खुल्या मेजाची स्तुती करताना त्याभोवती कोण नव्हते हेही सांगितले पाहिजे. बायका दुकान चालवीत, पेले भरीत. गिऱ्हाईक म्हणून बसलेल्या मात्र क्वचितच दिसत. १६७४ मध्ये ‘स्त्रियांचा कॉफीविरुद्ध अर्ज’ छापून निघाला, पण त्याचा चावट सूर पाहता तो पुरुषांच्याच लेखणीतून उतरला असावा असे आम्हांस वाटते. आणि मेजावर पडलेल्या त्या वृत्तपत्रांतच पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती असत; पकडून आणणाऱ्याने बक्षीस कुठे घ्यावे, तर अमुक कॉफीगृहात. लॉइडच्या कॉफीगृहाचे नाव अशा जाहिरातींत येते. कॉफीत पडणारी साखर ज्या मळ्यांतून येई तिथे गुलाम राबत. त्या व्यापाराच्या जहाजांचा विमा ज्या मंडळीत उतरे, त्यांच्या वारसदार संस्थेने २०२० मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

आता ताटातुटीकडे येऊ. चहा घरात शिरला, वृत्तपत्रे घरपोच जाऊ लागली, ही कारणे सर्वत्र देतात आणि ती खोटी नाहीत. पण मुख्य घाव घातला तो गिऱ्हाइकांनीच, असे आमचे मत आहे. बातमीवर पैसा होऊ लागला तेव्हा ज्यांना तो होत होता त्यांना शेजारचा अनोळखी माणूस नकोसा झाला. १६९३ पासून चॉकलेट विकणारे ‘व्हाइट्स’ हळूहळू बड्यांचा बंदिस्त क्लब झाले. १७६१ साली दीडशे दलालांनी प्रत्येकी वर्षाला आठ पौंड देऊन जोनाथन्सचा ताबा स्वतःपुरता घेतला आणि इतरांना बाहेर काढले. बाहेर काढलेल्यांपैकी एकजण न्यायालयात गेला. १७६२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला : ही जागा पूर्वापार खुला बाजार आहे, ती कोणाला अडवता येणार नाही. ज्या दाराला राजाला कडी लावता आली नाही, त्याला दलालांनाही लावता येईना.

तेव्हा दलालांनी निराळी युक्ती काढली. १७७३ मध्ये त्यांनी आपली वेगळी इमारत उभी केली, दारावर ‘स्टॉक एक्स्चेंज’ अशी पाटी लावली आणि आत येणाऱ्याला दिवसाला सहा पेन्स आकारले. तिकडे लॉइड्सच्या विमेवाल्यांपैकी एकुणऐंशी जणांनी १७७१ मध्ये प्रत्येकी शंभर पौंड भरले आणि १७७४ मध्ये ते रॉयल एक्स्चेंजमध्ये राहायला गेले. तिथल्या गणवेशधारी सेवकांना पुढेही ‘वेटर’च म्हणत राहिले, आणि आजही म्हणतात. सेंट मायकेलच्या बोळात रोझेच्या दुकानाची आठवण सांगणारी, १६५२ साल कोरलेली पाटी आहे. ती ज्या भिंतीवर आहे, त्या घरात दारू विकतात.