पुणेरी प्रमाण आणि कोल्हापुरी बोली : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पुणे व कोल्हापूर या शहरांतील भाषिक भेदाकडे बहुधा विनोदाचा विषय म्हणून पाहिले जाते. त्यामागील सत्तेचा इतिहास दुर्लक्षित राहतो. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या गाद्यांचे विभाजन मान्य झाले. पुढे पेशव्यांचे पुणे मराठी सत्तेचे केंद्र बनले. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तरी इंग्रजी अमदानीत पुणेरी शिष्टवर्गाचीच बोली शिक्षणात प्रतिष्ठा पावली. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडातही (१९०५) पुण्याची मराठी प्रमाण मानली आहे. कोल्हापूर मात्र १९४९ पर्यंत संस्थान म्हणून टिकले.

कोल्हापूर परिसरात अनेक स्त्रियाही ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असे म्हणतात. लगतच्या कन्नड भाषेत प्रथमपुरुषी क्रियापदास लिंगभेद नाही. हे लक्षात घेता सदर रूप अज्ञानातून नव्हे, तर भाषिक सहवासातून आले असण्याची शक्यता अधिक वाटते. उत्तरपत्रिकेत मात्र ते ‘अशुद्ध’ ठरते. प्रमाणभाषेचे अध्यापन आवश्यकच आहे. परंतु शुद्धतेचा हा निकष विशिष्ट ऐतिहासिक परिस्थितीत घडला, याचे भान अध्यापकांनी ठेवले पाहिजे. अन्यथा विद्यार्थिनीच्या घरची भाषाच सदोष ठरते.