संत गोन्सालोंची वाट आणि आपली मुले

युवकांना घेऊन पायी निघणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नव्हे. सप्टेंबर महिन्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला भाविक पायी जातात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला जुन्या गोव्याकडे चालत जाणारे जथे आहेत, आणि मराठवाड्यात तर दिंडी हा शब्द लहान मुलालाही उमजतो. परंतु देवस्थानाकडे चालत जाणे वेगळे आणि पूर्वी कोणी चाललेली वाट, तो ती कशी चालला हे आठवीत, पुन्हा चालणे वेगळे. पहिल्या प्रकारात मन मुक्कामाकडे लागलेले असते. दुसऱ्या प्रकारात ते वाटेवरच ठेवावे लागते, आणि मुलांना घेऊन जाणाऱ्याचे खरे काम तेथे सुरू होते.

अशा पुनर्यात्रेची प्रथा अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांनी विशेष रुजविली आहे. १८५६ ते १८६० या काळात त्यांचे सुमारे ३,००० लोक, बैलगाड्यांची ऐपत नसल्यामुळे, हातगाड्या ओढीत युटाहकडे गेले. १८५६ साली उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना वायोमिंगच्या पठारावर बर्फाने गाठले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या पंथाची मुले आज जुन्या पद्धतीचा पोशाख करून काही दिवस तशाच हातगाड्या ओढतात. त्यांची शिकवण आपली नव्हे. पण इतिहास पायांनी शिकावा ही त्यांची युक्ती घेण्याजोगी आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की आपण कोणाची वाट घ्यावी?

आमच्या मते ती वाट वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांची असावी. जळकोटच्या डोंगराळ भागातील मुलाला वसई दूरची वाटते, आणि जपान तर नकाशापुरताच. तरीही महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेला आणि पोप महोदयांनी ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित केलेला हा पुरुष औरंगाबाद धर्मप्रांतातील मुलांचाही तितकाच आहे जितका वसईच्या मुलांचा.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तेथे येशूसंघीयांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. काही वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले आणि जपानी भाषा अशी आत्मसात केली की पुढे त्यांचे सारे आयुष्य तिच्याच आधाराने वळले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. ते व्यापारात पडले, पैसा मिळविला, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सामान्य धर्मबंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता हे मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून गेले, तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर होते ते हेच गोन्सालो. धर्मगुरूपद नाही, मोठे घराणे नाही. दोन माणसांच्या मध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत प्रामाणिकपणे पोहोचविणे हे त्यांचे काम. आमच्या भागात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. दुभाषाची किंमत येथे कोणाला समजावून सांगावी लागू नये.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातील मालाची जप्ती, त्यावरून उठलेला संशय, स्पेनच्या राजाविषयीच्या अफवा या साऱ्यांतून हिदेयोशीचा रोष भडकला आणि डिसेंबरात धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो शहरात चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. नाकेही कापावीत असा मूळ हुकूम होता. अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने तो सौम्य केला. गाड्यांत घालून त्यांची क्योतो, ओसाका आणि साकाई येथे धिंड काढण्यात आली, आणि मग ऐन हिवाळ्यात नागासाकीची वाट सुरू झाली. सुमारे ८०० किलोमीटरचे अंतर. जळकोटहून निघून मुंबई गाठली तरी ते पुरे होत नाही. हिमेजी, ओकायामा, हिरोशिमा, शिमोनोसेकी, हाकाता अशी गावे घेत, समुद्रकाठच्या थंड वाऱ्यात, जवळजवळ चार आठवडे हा काफिला चालला. लोकांच्या मनात जरब बसावी म्हणूनच त्यांना इतक्या लांब, गावागावांतून नेले.

ही हकीकत सांगितली की मुले पहिला प्रश्न विचारतात, ‘ते पळून का गेले नाहीत?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रवचनात न देता घडलेल्या गोष्टींनी द्यावे. अटकेच्या वेळी यादीत मथियास नावाचा एक स्वयंपाकी होता. तो घरी सापडला नाही. शिपाई त्याच्या नावाने हाका मारू लागले तेव्हा शेजारचा एक ख्रिस्ती गृहस्थ पुढे झाला आणि म्हणाला की आपलेही नाव मथियासच आहे. त्यालाच बांधून नेले. वाटेत बंदिवानांच्या सेवेसाठी दोघे जण मागोमाग चालत होते, पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस्को नावाचा एक सुतार. पहारेकऱ्यांनी अखेर त्यांनाही धरले. चोवीसांचे सव्वीस झाले ते असे. पळून जाण्याच्या त्या वाटेवर माणसे उलट येऊन मिळत होती.

त्यांत तीन मुलगे होते. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, आंतोनियो तेरा वर्षांचा, तोमास कोझाकी चौदा वर्षांचा. क्यूशू बेटावर एका अधिकाऱ्याला लुईसची दया आली. धर्म सोडलास तर जीव वाचेल, असे त्याने सुचविले. लुईसने ते नाकारले. तोमासबरोबर त्याचे वडील मिगेल हेही बंदिवान होते. मिहारा येथील मुक्कामात तोमासने आईला पत्र लिहिले: आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना नीट सांभाळ, अशा आशयाचे. ते पत्र आईकडे पाठविता आले नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर ते त्यांच्या अंगावर, रक्ताने माखलेले, सापडले.

४ फेब्रुवारीला सोनोगीहून होड्यांत बसवून त्यांना तोकित्सू येथे आणले. ती रात्र होड्यांतच, कडाक्याच्या थंडीत गेली. ५ फेब्रुवारीच्या सकाळी उरलेली दहा-बारा किलोमीटरची वाट चालून ते निशिझाका टेकडीवर पोहोचले. क्रूस तयार होते. परंपरा सांगते की आपला क्रूस सर्वांत आधी गाठला तो गोन्सालो यांनी. बंदिवानांना दोऱ्यांनी आणि लोखंडी कड्यांनी क्रूसाला जखडून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्या टेकडीवर १९६२ साली स्मारक आणि संग्रहालय उभारले गेले.

आता ही वाट येथे कशी चालावी? जपानी अंगरखे, पुठ्ठ्याचे भाले आणि कानाला लाल रंग हे आम्हांस मान्य नाही. त्यातून नाटक होते, आणि नाटकात शिपाई होणाऱ्या मुलाला अधिक मजा येते. अनवाणी चालविणे, उपाशी ठेवणे हेही नको. छळ सोसणे ही त्या सव्वीसांची निवड होती, पोरांवर लादायची शिस्त नव्हे. त्यापेक्षा प्रत्येक मुलाने एका बंदिवानाचे नाव घ्यावे आणि दिवसभर त्याचीच माहिती बरोबरच्यांना सांगावी. मुलींनी तोमासच्या आईच्या बाजूने विचार करून पाहावा. त्या कथेतील सर्वांत लांब वाट कदाचित तिचीच असेल. दर टप्प्यावर जपानी गावाचे नाव, तारीख आणि एक घटना, एवढे पुरे. बालाघाटच्या चढउतारावर पंधरा किलोमीटर चालले की बाकीचे पाय सांगतात.

अडचण तारखेची आहे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा हवेच्या दृष्टीने उत्तम. पण त्या दिवसांत या डोंगरपट्ट्यातील कित्येक घरांना कुलूप असते. दसरा-दिवाळी झाली की माणसे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. बारा-चौदा वर्षांची मुले आईबापांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात कोपीत राहतात, पहाटे मोळ्या वाहतात. लुईस आणि तोमास यांच्याच वयाची ही मुले. त्यांचे चालणे ही पुनर्यात्रा नव्हे, आणि त्यांना वगळून, घरी राहू शकणाऱ्या मुलांना घेऊन संताची वाट चालणे आम्हांस अपुरे वाटते. मे महिन्यात सारे परततात, पण तेव्हा ऊन आणि पाण्याची टंचाई यांमुळे मुलांना रस्त्यावर काढणे धोक्याचे.

तेव्हा आमची सूचना अशी, की चालणे ऑगस्टच्या उघडिपीत, सारी घरे भरलेली असताना ठेवावे. आणि फेब्रुवारीत, हुतात्म्यांच्या दिवशी, गावी राहिलेल्या मुलांनी फडावरच्या मित्रांना पत्रे लिहावीत. तोडकऱ्यांच्या टोळीचा मुकादम कोणत्या कारखान्यावर आहे हे गावात ठाऊक असते. तिकडे जाणाऱ्या कोणा माणसाच्या हाती ती पत्रे द्यावीत, आणि पोहोचली की नाही याची चौकशी पालकांनी स्वतः करावी.