अंगुलिमुद्रा आणि तपासाची विद्या

गुन्ह्याचा तपास म्हणजे धाडस, खबऱ्यांचे जाळे आणि दंडुक्याचा धाक, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. या व्यवसायाला विद्येचाही आधार लागतो, हे हिंदुस्थानात प्रथम ठळकपणे सिद्ध झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कलकत्त्यात.

बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला होता. परंतु ठसे घेणे सोपे. हजारो पत्रिकांमधून नेमकी एक शोधून काढणे हा खरा प्रश्न होता. १८९१ मध्ये बंगालचे पोलीस महानिरीक्षक झालेल्या एडवर्ड हेन्री यांना त्यासाठी गणिती हवा होता. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले अझिझुल हक हे तरुण त्यांच्या हाताखाली उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. हेमचंद्र बोस हे त्यांचे सहकारी.

त्यांनी सिद्ध केलेली मांडणी साधी, पण विलक्षण होती. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच आधी पाहावयाचे. दहा बोटांच्या पाच जोड्या आणि प्रत्येक जोडीच्या चार शक्यता धरल्या, की एकूण १०२४ गट होतात. बत्तीस आडव्या व बत्तीस उभ्या रांगांच्या कपाटात प्रत्येक गटाला स्वतंत्र कप्पा मिळाला आणि शोध एका कप्प्यापुरता सीमित झाला. बोस यांनी ठशांचे वर्णन तारेने कळविता यावे, अशी सांकेतिक पद्धत तयार केली. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले.

लवकरच या विद्येची कसोटी लागली. जलपैगुडीतील चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटीतील बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा आढळला. तो पूर्वी शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरविले. खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. पंचांगाला त्याचा हात लागला होता, एवढेच ठसा सांगत होता. वार कोणी केला, हे नव्हे. १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अंगुलिमुद्रातज्ज्ञाच्या मताला स्थान मिळाले.

१९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने स्वीकारली आणि ती हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. हक यांना खानबहादूर व बोस यांना रायबहादूर हे किताब मिळाले, पण ते पद्धतीला नाव मिळाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी. आपल्या कर्मचाऱ्यांपैकी हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता, असे हेन्री यांनी १९२६ मध्ये पत्राने मान्य केले. अधिकार एकाचा आणि विद्या दुसऱ्याची, ही वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराची रीत येथेही दिसते.

आज या क्षेत्राच्या दोन वाटा आहेत. पोलीस सेवेतील तपास अधिकाऱ्याला कायद्याचे ज्ञान लागते, तर प्रयोगशाळेतील तज्ज्ञाला रसायन, जीवशास्त्र, भौतिकी किंवा संगणकशास्त्राचे. २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळास भेट देण्याची तरतूद केली आहे. राज्यांना ती पाच वर्षांत अमलात आणावयाची आहे. म्हणजे पदवीधरांची मागणी वाढणार. तथापि, जलपैगुडीच्या निकालाने शिकविलेला धडा कोणत्याही अभ्यासक्रमात पहिला असावा: पुरावा काय सांगतो, याइतकेच तो काय सांगत नाही, हेही तपास करणाऱ्याला कळले पाहिजे.