वाकळीची साक्ष

थंडी पडू लागली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून 'हिवाळी छंद' अशा मथळ्याखाली एक ठरावीक यादी प्रसिद्ध होते. घरच्या घरी केक-बिस्किटे भाजावीत, डिंकाचे लाडू वळावेत, जमल्यास हाताने गोधडी शिवावी. या यादीशी आमचे भांडण नाही. तीतली पहिली दोन कामे आम्हीही आवडीने करतो. आमचे कुतूहल आहे ते 'छंद' या शब्दाविषयी. हा शब्द या कामांना केव्हा चिकटला, कोणाच्या घरात चिकटला, आणि तो चिकटण्यापूर्वी या कामांची नोंद कोठे सापडते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हिवाळ्यातले खाणे आणि पांघरणे यांचा एकत्र विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. हेमंतात जठराग्नी प्रबळ होतो, म्हणून स्निग्ध आणि जड अन्न घ्यावे, दुधाचे व उसाचे पदार्थ खावेत, नवा तांदूळ खावा, असे तिथे म्हटले आहे. आणि लगेच पुढे अंथरूण-पांघरुणासाठी कोणती जाड वस्त्रे, कातडी व रेशमी कापडे वापरावीत हेही सांगितले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हीच परंपरा पुढे नेली. या ग्रंथांत ज्याला ऊब मिळायची त्याचा विचार सूक्ष्मपणे केलेला आहे. ती ऊब ज्यांच्या हातून निर्माण होते ते हात मात्र तिथे नाहीत. वैद्यकग्रंथाकडून तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. परंतु पुढच्या सगळ्या इतिहासात हेच चित्र राहिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

'हिवाळी छंद' ही कल्पनाच मुळी बर्फाळ प्रदेशातली आहे. जिथे शेत बर्फाखाली जाते आणि माणसे चार भिंतींत कोंडली जातात, तिथे हिवाळा हा बैठ्या कामांचा काळ ठरतो. दख्खनच्या पठारावर मार्गशीर्ष-पौष हे रिकामपणाचे महिने कधीच नव्हते. बाजरी खळ्यावर यायची, रब्बीची ज्वारी शेतात उभी असायची, हुरडा व्हायचा, उसाला कोयता लागायचा. अशा दिवसांत बाई गोधडी पांघरी, पण ती शिवायला तिला सवड कोठली? गोधडी पुष्कळदा उन्हाळ्यातल्या दुपारी शिवली जाई. सारवलेल्या अंगणात जुनी लुगडी-धोतरे एकावर एक अंथरायची, ती सरकू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचे. शेजारणी सुया घेऊन येऊन बसत, म्हणून काम उरकत असे. थंडी येईपर्यंत ती तयार झाली नाही तर घरातली मुले कुडकुडणार, हे त्या कामामागचे साधे कारण होते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ज्या समाजात जन्मली त्या समाजात अंथरूण मोजूनमापूनच होते.

भाजण्याचेही तसेच. बेकिंग हा शब्द आपल्याकडे उशिरा आला, पण भट्टीविना भाजण्याची विद्या जुनीच. रोडगा घ्या. कणीक घट्ट मळून तिचे जाड गोळे करायचे, धुमसत्या गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, उलटेपालटे करत खरपूस होऊ द्यायचे, राख झटकायची आणि फोडून तुपात बुडवायचे. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य असतो. ज्या घरांत चातुर्मासापासून वांगी-कांदा वर्ज्य असतो तिथे त्या दिवसापासून तो पुन्हा ताटात येतो. म्हणजे मार्गशीर्षातल्या थंडीचा हा हक्काचा पदार्थ.

मराठी साहित्यात हा रोडगा अजरामर झाला तो एकनाथांच्या भारुडामुळे. सासुरवाशीण भवानीआईला साकडे घालते, सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत एकेकाची वाट लावायला सांगते, आणि मोबदल्यात रोडगा वाहण्याचा नवस बोलते. वर्गात शिकवताना आपण लगेच रूपकाकडे धावतो: सासर म्हणजे प्रपंच, माणसे म्हणजे विकार, एकलेपण म्हणजे अद्वैत. ते चूक नाही. पण नाथांनी नवसासाठी नेमका रोडगाच का निवडला, हे आपण विचारत नाही. त्या सुनेजवळ सोने नाही, बोकड नाही. तिच्या हातात आहे ती कणीक आणि गोवरीचा आर. तिची सगळी मालमत्ता तिच्या कामात आहे, म्हणून ती आपले कामच देवीपुढे ठेवते. सोळाव्या शतकातल्या बाईच्या स्वयंपाकाविषयी हा एक विश्वसनीय दस्तऐवज आहे असे आम्हांला वाटते, आणि तो रूपकाच्या ओघात, जवळजवळ नकळत आपल्या हाती आला आहे.

गोधडीचा असाच दस्तऐवज जनाबाईच्या कथेत आहे. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात ही कथा येते. विठ्ठल रात्री जनीच्या खोपटात येतो, तिच्यापाशी झोपी जातो. पहाटे काकडआरतीची वेळ होते. देव घाईघाईने निघतो आणि आपला शेला व पदक तिथेच विसरून जनीची वाकळ खांद्यावर टाकून राउळात उभा राहतो. पुजाऱ्यांना पदक दिसत नाही, देवाच्या अंगावर वाकळ दिसते. चोरीचा आळ जनीवर येतो, पदक तिच्याकडे सापडते आणि तिला सुळावर देण्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात नेतात. पुढे सुळाचे पाणी होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

या कथेत आम्हांला खिळवून ठेवते ती वाकळ ओळखली जाण्याची गोष्ट. चिंध्याचिंध्यांची ती वाकळ कोणाची, याविषयी पंढरपुरात कोणाला शंका पडत नाही. शेले एकसारखे असू शकतात, वाकळी नसतात. ज्या घरातली लुगडी, ज्या हाताचा टाका, ते त्या वाकळीवर उमटलेले असते. सही नसूनही ती ओळखू येते. शिवाय ती साक्ष दोन्ही बाजूंनी आहे. पुजाऱ्यांच्या दृष्टीने ती गुन्ह्याचा पुरावा, आणि भाविक श्रोत्याच्या दृष्टीने देव तिथे होता याचा एकमेव पुरावा. एकच वस्तू पाहणारा कोण यावर काय ठरते ते येथे दिसते.

वाकळ आणि खटला यांची अशीच गाठ दुसऱ्या एका ठिकाणी पडते, आणि ते ठिकाण बर्फाळ हिवाळ्याचेच आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात डिसेंबर १९०० मध्ये जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा झोपेतच कुऱ्हाडीने खून झाला. आरोप त्याच्या पत्नीवर, मार्गारेटवर आला. १९०१ मध्ये ती दोषी ठरली, वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि १९०३ मधील दुसऱ्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नाही. 'डे मॉइन डेली न्यूज'ची तरुण बातमीदार म्हणून सुझन ग्लास्पेल हिने या प्रकरणाच्या बातम्या दिल्या होत्या. १९१६ मध्ये तिने त्यावरून 'ट्रायफल्स' ही एकांकिका लिहिली. इंग्रजीच्या अभ्यासक्रमांतून ती आपल्याकडेही पुष्कळांनी वाचली आहे. पुढच्याच वर्षी तिने याच ऐवजाची कथा केली.

एकांकिकेत कुऱ्हाडीच्या जागी दोर आला आहे, बाकीचे जग तेच. कडाक्याची थंडी, आरोपी बाई तुरुंगात, घरात चूल विझलेली. सरकारी वकील आणि शेरीफ पुरावा शोधत माडीवर आणि गोठ्यात हिंडतात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात आणि त्यांना सगळे दिसते: डब्याबाहेर राहिलेला पाव, अर्धेच पुसलेले टेबल, गारठ्याने गोठून फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, त्यांतली एक चेरीची तेवढी शाबूत. मग हाती येतात गोधडीचे तुकडे. सगळ्या चौकोनांवरचा टाका नीटस, आणि शेवटच्या एकावर तो वेडावाकडा, भरकटलेला. शिवणाऱ्या हाताला काय झाले होते हे त्या दोघींना तत्काळ कळते, आणि एक जण ते टाके उसवून सरळ घालू लागते. म्हणजे ती पुरावा नाहीसा करते. माडीवरून उतरलेले पुरुष त्या गोधडीविषयी थट्टेचा एक प्रश्न विचारून पुढे जातात. त्या काळी तिथे स्त्रियांना पंच म्हणून बसता येत नव्हते. म्हणून तो निवाडा स्वयंपाकघरातच, मुकाट्याने होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे. आयोवातल्या त्या घरात पाव भाजणे, फळे मुरवून ठेवणे आणि तुकडे जोडणे हा हिवाळ्यातला विरंगुळा होता काय? बरण्या फुटणे हे वर्षभराची बेगमी जाणे होते. 'ट्रायफल्स' या नावातला उपरोध याच जागी आहे. ज्यांना त्या कामाची गरज उरत नाही, किंवा ज्यांना ते आयते मिळते, त्यांनाच ते क्षुल्लक वाटू शकते. 'छंद' हा शब्द 'क्षुल्लक' या शब्दापेक्षा पुष्कळच सौम्य आहे, पण त्याच बाजूचा आहे.

साहित्याच्या इतिहासात आपल्याकडे एक पांघरूण जपले गेले आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाडजूड कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले, आणि ते कापड चार शतके टिकले. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाड वस्त्र. तशा पासोड्या, वाकळी, चौघड्या त्याच काळात घरोघरी होत्या. त्यांतली एकही आपल्यापर्यंत आली नाही. दासोपंतांची आली, कारण तिच्यावर अक्षरे होती. आम्ही सगळे अक्षरांचे लोक आहोत, त्यामुळे आम्हांला हे स्वाभाविकच वाटत आले. पण टाका हीही एक नोंद आहे असे एकदा मानले, तर मराठीच्या इतिहासातून केवढा ऐवज झिजून गेला याची कल्पना येते.

छपाईचे युग आल्यावर स्वयंपाकाला अक्षरे लाभली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये छापले गेले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने घरोघरी पोचले. पहिले पुस्तक पुरुषाचे आहे, ही गोष्ट नजरेआड करू नये. ओव्हन नसलेल्या घरांतही भाजण्याची हौस होतीच. आमच्या लहानपणी नानकटाईचे सामान घेऊन बेकरीत जायचे आणि पत्र्याचा डबा भरून घरी यायचे, हा दिवाळीचा भागच होता. सुईचे काम मात्र दोन वाटांनी गेले. मुलींच्या शाळांत आणि १९३० पासून निघणाऱ्या 'स्त्री'सारख्या मासिकांच्या वाचकवर्गात भरतकाम-विणकाम प्रतिष्ठित झाले; सुशिक्षित मुलीच्या अंगी ते असावे असे मानले जाऊ लागले. घरगुती सुईकामाला 'छंद' म्हणण्याची सोय याच मध्यमवर्गात झाली असे आमचे मत आहे. गोधडी या वाटेवर नव्हती. तिच्यात कापड विकत घ्यायचे नसते, आणि दाखवण्याजोगे काही करायचे नसते. ती गरिबीची खूण म्हणून दिवाणखान्याबाहेर राहिली. पाहुणा आला की सोलापुरी चादर बाहेर निघे आणि गोधडी आत जाई.

आज ती दिवाणखान्यात परतली आहे, प्रसंगी भिंतीवर चढली आहे. अॅलिस वॉकर हिची १९७३ मधील 'एव्हरीडे यूज' ही कथा याच प्रश्नावर उभी आहे. शहरात शिकलेली मुलगी आजीच्या गोधड्या भिंतीवर लावण्यासाठी मागते, आणि आई त्या पांघरणाऱ्या, शिवता येणाऱ्या धाकटीला देते. कथा आईच्या बाजूने आहे, आणि वाचताना आपणही त्याच बाजूला जातो. आमच्या मनात मात्र थोडी चलबिचल राहते. पांघरली तर ती फाटेल, हे थोरलीचे म्हणणे खोटे नाही. जपणूक आणि वापर यांचे भांडण इतक्या सहज मिटत नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी उभी आहेत ती दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, वेळीच वापरातून बाहेर काढली म्हणून. शिवाय ती पुष्कळशी धातूची, म्हणून टिकण्याजोगी होती. वापरातल्या गोधडीला असा त्राता मिळाला तरी काळ तिला फारसा अवधी देत नाही.

तरीही ती अगदीच नाहीशी होते असे नाही, कारण जीर्ण गोधडी टाकून देत नाहीत. तिच्यावर नवी लुगडी घालून पुन्हा टाके मारतात आणि जुनी नवीच्या पोटात जाते. खेड्यातल्या एखाद्या जुन्या गोधडीची कड उसवली तर वर पॉलिस्टरची साडी लागते, गुळगुळीत, ऊब न धरणारी. तिच्याखाली सुती पातळ. त्याखाली इरकली लुगड्याचा काठ, विरलेला तरी रंग ओळखू यावा असा. आणि अगदी आत धोतराचे पांढरे सूत, त्यावर कोणाच्या तरी हाताचा आखूड, दाट धावदोरा, जो वरच्या टाक्यांशी जुळत नाही.