टेकडीवरचे गॉथिक चर्च

आपल्या भोकर-नांदेड भागातून गोव्याला जाणारी मंडळी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी पाहतात आणि गाडीकडे परततात. तिथून पश्चिमेला थोड्याच अंतरावर, मांडवीकाठच्या टेकडीवर ‘अवर लेडी ऑफ द रोझरी’ नावाचे चर्च आहे. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. माझ्या मते मात्र जुन्या गोव्यात पाहायलाच हवे ते हे.

गॉथिक म्हटले की आपल्याला मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आठवते. पण ते १८८८ सालचे. मूळ गॉथिक परंपरा तोवर केव्हाच संपली होती. इंग्रजांनी ती हौसेने पुन्हा उचलली. हे चर्च १५४० च्या दशकातले. तेव्हा युरोपात गॉथिक मावळतीला लागले असले तरी पोर्तुगीज गवंड्यांच्या हातात होते. राजा मॅन्युएलच्या नावावरून या शेवटच्या वळणाला मॅन्युएलाइन म्हणतात. दगडात कोरलेले जहाजाच्या दोरखंडाचे पीळ ही त्याची खूण. इथल्या गोल बुरुजांवर ते दिसतात.

वेदीवरचे छत नीट पाहावे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिरात खांबावर तुळई, तुळईवर शिळा, असा भार सरळ खाली उतरतो. गॉथिक छतात आधी दगडी कमानींच्या फासळ्या उभ्या करतात, मग मधले गाळे भरतात. भार फासळ्यांतून कोपऱ्यांकडे जातो.

बाहेरून मात्र हे चर्च एखाद्या गढीसारखे वाटते. त्यात नवल नाही. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा घेताना आल्बुकर्क याच टेकडीवरून लढाई पाहत होता, असे तिथला शिलालेख सांगतो. चर्चचा नवस त्याचा. बांधकाम त्याच्या मृत्यूनंतरचे.

आत भिंतीत गव्हर्नर गार्सिया द सा याच्या पत्नीचे, कातारिनाचे स्मारक आहे. त्यावरची बारीक वेलबुट्टी युरोपची नव्हे, भारतीय कारागिरांच्या वळणाची. त्या कारागिरांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. तिचे नाव आहे, आणि खाली पोर्तुगीज भाषेत विनंती आहे, की वाचणाऱ्याने तिच्या आत्म्यासाठी देवाकडे दया मागावी.